गोव्यातील कायदा महाविद्यालयांची प्राध्यापक भरती: अर्जदाराच्या बाजूने एक परीक्षण

गोव्यात कायदा शिकवण्याची पूर्णवेळ नोकरी देणारी ठिकाणे एका हाताच्या बोटांवर मोजून होतात. मिरामारचे साळगावकर, मडगावचे कारे, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठातले मनोहर पर्रीकर स्कूल आणि २०२२ च्या राज्य कायद्याने उभे राहिलेले बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ट्रस्टचे विद्यापीठ. जागा निघतात त्याही एक-दोन करून. इतक्या छोट्या बाजारात गिऱ्हाइकाला दुकान बदलता येत नाही. पण पदरात नेमके काय पडणार आहे, हे त्याला आधी कळायला हरकत नाही. म्हणून जाहिरातीपासून रुजू होईपर्यंतची ही प्रक्रिया एखादी सेवा तपासावी तशी इथे तपासली आहे. दोष सांगितले आहेत ते व्यवस्थेचे आहेत, ते कुणा एका संस्थेच्या दारात नेऊन टाकू नयेत.

गुण आधीच देऊन टाकतो. कागदांची छाननी पाचपैकी साडेतीन: ताठर आहे, पण घरी बसून आधीच हिशेब करता येतो. मुलाखत दोन. लेक्चर बेसिसवरची, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे देणारी, नेमणूक एक. आणि कोर्टात दहा-बारा वर्षे घालवून शिकवायला येऊ पाहणाऱ्या वकिलासाठी ही सेवा जवळजवळ बंदच आहे. तिला गुण देण्यात अर्थ नाही.

जाहिरातीपासून सुरुवात करू. अनुदानित महाविद्यालयात पद भरायचे तर आधी पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची ना-हरकत लागते, मग आरक्षणाच्या रोस्टरप्रमाणे, म्हणजे पदांच्या क्रमवार यादीप्रमाणे, पद कुठल्या प्रवर्गाचे ते ठरते, आणि मग वर्तमानपत्रात चार बोटांची चौकट येते. ती चौकट तीनदा वाचावी. पहिल्यांदा पदाचे स्वरूप पाहावे: नियमित, कंत्राटी की लेक्चर बेसिस. दुसऱ्यांदा प्रवर्ग पाहावा. गोव्यात अनुसूचित जमातींना १२ टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि अनुसूचित जातींना २ टक्के आरक्षण आहे, आणि एकच पद असेल तेव्हा रोस्टरवरचा त्याचा क्रमांकच सगळे ठरवतो. तिसऱ्यांदा विषय पाहावा. पाच वर्षांच्या बीए एलएलबीला राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी या विषयांचेही शिक्षक लागतात, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांनुसार त्यांची पात्रता त्या-त्या विषयाची असावी लागते. एलएलएम हातात असलेला माणूस राज्यशास्त्राच्या जागेसाठी अर्ज करतो आणि छाननीतच बाद होतो. उलट राज्यशास्त्रात एमए आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) असलेल्या कित्येकांना कायदा महाविद्यालयात आपल्यासाठी दार आहे हे सुचतच नाही.

त्याच चौकटीत बारीक टाइपात दोन ओळी असतात, त्या खास इथल्या. एक, गोव्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. दुसरी, कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे असल्यास उत्तम. (कोकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्याची आठवण ठेवून मराठी वाचक त्या ‘असल्यास उत्तम’कडे थोडे तिरके पाहतो, ते सोडून देऊ.) रहिवासी दाखला मामलेदाराच्या कार्यालयातून मिळतो आणि अर्जांची मुदत बहुधा त्याची वाट पाहत नाही. जाहिरात आल्यावर तो काढायला धावणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर कौले परतायला चढणे. शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी मधल्या वर्षांचे पुरावे, म्हणजे शाळेचे दाखले, मतदार यादी, रेशन कार्ड, आधीच एकत्र करून ठेवावेत. विद्यापीठांच्या जाहिरातींत अटी वेगळ्या असू शकतात, त्या त्या-त्या जाहिरातीतच वाचाव्यात.

आता पात्रता. साहाय्यक प्राध्यापकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली लागू आहे: पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा). राखीव प्रवर्गांना व दिव्यांगांना पाच टक्क्यांची सूट आहे. ५४.८ म्हणजे ५५ नव्हे. वर ढकलायची सोय नाही. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी श्रेणी असेल तर विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र अर्जाबरोबर जोडावे, नाहीतर छाननी करणारा कारकून आपल्या अंदाजाने आकडा मांडतो. विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची होणार, अशी टांगती तलवार बरीच वर्षे होती. ३० जून २०२३ च्या दुरुस्तीने ती उतरली. आता विद्यापीठ असो वा महाविद्यालय, नेट किंवा सेट ही किमान पात्रता आणि पीएचडी ऐच्छिक.

अर्ज बाद होतात ते मात्र आणखी बारीक कारणांनी. पहिले कारण सेट. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींसाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती इथे चालते. पण जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेल्यांची सेट त्या-त्या राज्यापुरतीच धरली जाते. बेळगाव-कारवारकडून कर्नाटकची सेट घेऊन येणारा उमेदवार म्हणूनच इथे अपात्र ठरतो, मग त्याला कोकणी कितीही अस्खलित येवो. दुसरे कारण नेट. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग आहेत, आणि ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी’ हा तिसरा वर्ग नोकरीला उपयोगाचा नाही. प्रमाणपत्र हातात आहे म्हणजे आपण पात्र, असे समजून फी भरणारे दर वेळी निघतात. तिसरे कारण पीएचडी. पीएचडीच्या बळावर नेटमधून सूट मागायची असेल तर ती पदवी आयोगाच्या २००९ किंवा २०१६ च्या पीएचडी नियमांनुसार दिल्याचा विद्यापीठाचा दाखला लागतो. नुसते पदवी प्रमाणपत्र पुरत नाही, आणि हा दाखला मिळवायला विद्यापीठाच्या खिडकीवर दोन-चार चकरा होतात.

छाननीचे गणित या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत पारदर्शक भाग आहे. नियमावलीच्या परिशिष्टात दोन तक्ते आहेत, विद्यापीठांसाठी ३अ आणि महाविद्यालयांसाठी ३ब, दोन्ही शंभर गुणांचे. महाविद्यालयांच्या तक्त्यात पदवीला ८० टक्क्यांवर २१ गुण, ६० ते ८० ला १९, ५५ ते ६० ला १६. पदव्युत्तर पदवीला त्याच पायऱ्यांनी २५, २३, २०. पीएचडीला २५. जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. शोधनिबंधांना प्रत्येकी २, कमाल ६. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २, कमाल १०. पुरस्कारांना कमाल ३.

दोन उमेदवार घेऊ. पहिलीला पदवीला ५८ टक्के, एलएलएमला ६२, नेट, तीन निबंध आणि चार वर्षे शिकवण्याचा अनुभव: १६ अधिक २३ अधिक ८ अधिक ६ अधिक ८, एकूण ६१. दुसऱ्याला पदवीला ६१, एलएलएमला ५६, सेट, पीएचडी, एक निबंध आणि वर्गात उभे राहिल्याचा अनुभव शून्य: १९ अधिक २० अधिक ५ अधिक २५ अधिक २, एकूण ७१. चार वर्षे वर्ग सांभाळलेली मागे राहते आणि खडू हातात न धरलेला दहा गुणांनी पुढे जातो. गंमत अशी की विद्यापीठांच्या तक्त्यात पीएचडीला ३० गुण आहेत, पण पदवीची पहिली पायरी २१ वरून १५ वर येते. त्यामुळे पदवीला घसरलेल्या पीएचडीधारकाने विद्यापीठाच्या जागेकडे आधी पाहावे आणि पदवीला चमकलेल्या नेटधारकाने महाविद्यालयाकडे. अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही तक्ते कागदावर मांडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

एक मात्र विसरू नये. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच असतात. अंतिम निवड मुलाखतीवर होते, असे नियमावलीच म्हणते. ७१ घेऊन आलेला आणि ६१ घेऊन आलेली दारातून आत गेली की बरोबरीत.

सहयोगी प्राध्यापकाच्या जागेसाठी वेगळा सापळा आहे. पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, सात निबंध आणि ७५ चा संशोधन गुणांक लागतो. कायदा सामाजिक शास्त्रांच्या गटात येत असल्याने एका निबंधाला १० गुण मिळतात. एकट्याने लिहिलेले सात निबंध म्हणजे ७०, संपादित ग्रंथातले एक प्रकरण ५, झाले ७५. कागदावर बरोबर, तरी अर्ज बाद. कारण हा गुणांक सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून यावा लागतो आणि इथे दोनच झाले. एखाद्या राष्ट्रीय परिषदेतले निमंत्रित व्याख्यान ३ गुणांचे, पण तिसरा प्रकार तेच भरून काढते. दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाला प्रत्येकी ७० टक्के गुण मिळतात, म्हणजे सातच. मित्राबरोबर सात निबंध लिहिले तर ४९ वरच थांबायला होते. मान्य नियतकालिकांच्या केअर यादीचे तर आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये विसर्जनच केले. त्यापूर्वीच्या निबंधांसाठी त्या वेळच्या यादीतल्या नोंदीची छापील प्रत काढून ठेवलेली बरी.

आता या सेवेची सर्वांत मोठी उणीव. वरच्या तक्त्यांत वकिलीच्या वर्षांना रकानाच नाही. मडगावच्या कोर्टात बारा वर्षे इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारशाच्या वाटणीचे, दावे चालवलेल्या वकिलाला त्या बारा वर्षांचे शून्य गुण. बरे, वकिली चालू ठेवून शिकवावे तर केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे, म्हणजे अर्धवेळच. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एक खिडकी आहे: क्लिनिकल विषयांसाठी, म्हणजे मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटानिवारण आणि अभिरूप न्यायालय यांसाठी, दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेले वकील आणि निवृत्त न्यायिक अधिकारी चालतात. दुसरी खिडकी आयोगाने २०२२ मध्ये उघडली, ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. तिथे पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, औपचारिक पदवीची अट नाही, पण जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत आणि मुदत जास्तीत जास्त चार वर्षे. आठ-दहा पदांच्या महाविद्यालयात १० टक्के म्हणजे किती, ते ज्याचे त्याने मोजावे.

वकिलांसाठी दार बंद असल्याची किंमत दुसरीकडे कुठे इतकी बसत नसेल, जितकी गोव्यात बसते. इथल्या विद्यार्थ्याला भारतभरचा हिंदू विवाह कायदा परीक्षेपुरता पुरतो, पण शिकून तो ज्या कोर्टात उभा राहणार तिथे पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा आहे. पती-पत्नीच्या मालमत्तेची समाईकी आहे, वारसांचा हिरावता न येणारा हिस्सा आहे, २०१२ चा उत्तराधिकार व इन्व्हेंटरीचा कायदा आहे, कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थांची, संहिता आहे, दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकारांचा १९७५ चा कायदा आहे आणि पुढ्यात जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोसे पावलो कुतिन्हो प्रकरणात निकाल दिला की गोंयकाराच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारसालाही हाच नागरी कायदा लागू. म्हणजे हा विषय आता दिल्ली-मुंबईच्या वकिलालाही टाळता येत नाही. तरी नेटच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही, छाननीच्या तक्त्यात नाही, आणि मुलाखतीत तो आलाच तर एखाद्या प्रश्नापुरता. महाविद्यालये मग हा विषय कुणा वकिलाला तासांवर बोलावून भागवतात. एखाद्या वर्षी तो वकील मोठ्या दाव्यात अडकला की कौटुंबिक कायद्याचा अर्धा अभ्यासक्रम फेब्रुवारीत धावत संपवला जातो.

मुलाखतीची समिती कागदावर भक्कम आहे. संस्थेच्या व्यवस्थापनाचा अध्यक्ष किंवा त्याचा प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी, बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, शिवाय राखीव प्रवर्गाचा उमेदवार असेल तर त्या प्रवर्गाचा एक अभ्यासक. गणपूर्तीला पाच जण, त्यांत बाहेरचे दोन तज्ज्ञ असावेच लागतात. मुलाखत ऐन वेळी पुढे ढकलली जाते ती बहुतेकदा याच दोन तज्ज्ञांपायी. बाहेरगावचा तज्ज्ञ आला नाही तर गणपूर्ती होत नाही, आणि तशीच मुलाखत उरकलेली नेमणूक पुढे विद्यापीठाच्या मान्यतेत अडकते. म्हणून पुढे ढकलली म्हणून चरफडू नये, उरकून टाकली तर काळजी करावी.

दोन गुण दिले ते प्रत्यक्ष वापरामुळे. नियमावलीत वर्गात व्याख्यान घ्यायला लावून पारख करण्याची मुभा आहे, पण ती मुभाच आहे, सक्ती नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत माणसाला घटनेचे अनुच्छेद किती पाठ आहेत ते कळते. साठ जणांच्या वर्गात तिसऱ्या बाकावरच्या मुलाला ते कळेल का, हे कळत नाही. संधी मिळाली तर व्याख्यानाचा विषय आपणच सुचवावा आणि तो गोव्याचा निवडावा: लग्नाच्या नोंदणीच्या दोन सह्या आणि त्यामधले दिवस यांवरून मालमत्तेच्या समाईकीपर्यंत जाता येते, आणि बाहेरून आलेले तज्ज्ञही कान टवकारतात. फौजदारी विषय असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या तिन्ही नव्या फौजदारी कायद्यांचे कलमक्रमांक तोंडी हवेत. ‘पूर्वीचे तीनशे दोन’ म्हणून अडखळलेला उमेदवार जुन्या नोटांवर शिकवतो, असा अर्थ लगेच निघतो.

जाहिराती येण्याच्या वेळेमागेही एक कारण आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार फक्त तीन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सहा आणि तिसऱ्या वर्षी आठ पूर्णवेळ शिक्षक हवेत, प्राचार्य वेगळे. दोन्ही अभ्यासक्रम असतील तर हेच आकडे सहा, आठ, दहा. ऑनर्स चालवायचे तर प्रत्येक गटात किमान तीन. तपासणी जवळ आली की हे आकडे भरायची घाई होते, आणि नियमित पदाची मंजुरी आलेली नसते तेव्हा कंत्राटी व लेक्चर बेसिसच्या जाहिराती एकामागून एक पडतात. ऐन जून-जुलैतल्या जाहिरातीकडे म्हणूनच जरा थांबून पाहावे.

लेक्चर बेसिसला एक गुण का? आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी ठरवलेला दर तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,०००. तास झाला तर पैसे, म्हणून चतुर्थी, नाताळ, कार्निव्हाल आणि परीक्षांचे आठवडे कोरडे जातात. मुख्य अडचण मात्र पुढे येते. तात्पुरती सेवा पुढच्या पदासाठी अनुभव म्हणून धरायची असेल तर पात्रता नियमित पदाएवढी हवी, निवड रीतसर समितीने केलेली हवी आणि एकूण वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी नको. तिसरी अट लेक्चर बेसिसला बहुतेकदा पार होत नाही. चार वर्षे राबूनही आठ वर्षांच्या हिशेबात ती चार दिसत नाहीत. ठिकाण घराजवळचे असेल आणि पीएचडी चालू असेल तर एखादे वर्ष करावे, शिकवायची सवय होते. त्याहून जास्त नको. कंत्राटी नेमणूक त्यामानाने बरी, कारण आयोगाच्या नियमांत तिचे वेतन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावे असे आहे. नेमणूकपत्रातला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा आणि सही त्यानंतर करावी. पीएचडीसाठी पूर्ण रजा घेतलेली वर्षेही अनुभवात धरत नाहीत. रजा न घेता शिकवता-शिकवता केली तर धरतात.

नियमित पद मात्र पैशाला जागते. सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, वर भत्ते. आठवड्याला ४० तास काम, त्यात साहाय्यक प्राध्यापकाला १६ तास प्रत्यक्ष शिकवणे. परिवीक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढते.

निवड झाली की शेवटचा टप्पा सनदेचा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला तसे कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. हे नेमणूकपत्र हातात पडल्यावर, पण रुजू होण्याआधी करावे. तोंडी ‘तुमचे नाव पक्के’ ऐकून सनद देऊन बसलेल्याची नेमणूक रोस्टरच्या वादात लटकली, तर तो इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही. चालू दाव्यांतली वकीलपत्रे दुसऱ्याकडे सोपवायला सहज महिना जातो, म्हणून रुजू होण्याची तारीख लेखी मागून घ्यावी. आणि विद्यापीठाने नेमणुकीला दिलेल्या मान्यतेच्या पत्राची प्रत महाविद्यालयाच्या कचेरीतून स्वतः मागून घ्यावी. वेतननिश्चिती, परिवीक्षा संपल्याचा आदेश, पुढची बढती, प्रत्येक वेळी पहिला कागद तोच विचारला जातो, आणि पाच वर्षांनी तो कचेरीत सापडेलच याची खात्री नसते.